दहापर्यंत मोजायचं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आले एकदाची. एक पेटी, एक गाठोडं आणि मी. बावन्नाव्या वर्षी सगळा संसार एवढ्यात मावला, त्यावरूनच कळावं काय संसार होता तो.

खोली झकास आहे. इस्पितळाच्या मागच्या अंगाला लाँड्री, लाँड्रीच्या भिंतीला चिकटून ही खोली. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात ओटा आणि मोरी. दाराला स्वतःचं कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. जन्मात पहिल्यांदा. नवरा होता तोवर किल्ली त्याच्याकडे, तो मेला तर सासूच्या उशाखाली. सासू अंथरुणाला खिळली, अकरा वर्षं तिचं हागमूत काढलं, पण किल्ली काही उशाखालून हलली नाही. गेल्या साली ती गेली तेव्हाच सुटली.

भाची इथे नर्स आहे, तिनेच नोकरीला चिकटवलं. मुकादमाने पहिल्याच दिवशी विचारलं, बाई, रक्ताचे डाग बघून चक्कर नाही ना येत. म्हटलं, नवऱ्याने दोनदा नाक फोडलंय माझं, माझंच रक्त मीच धुतलंय, मला कसली चक्कर. बिचारा नंतर दिवसभर माझ्या वाटेला गेला नाही.

यंत्रं सुरू झाली की शेजारणीचंसुद्धा ऐकू येत नाही. बरंच आहे, बाया फार बोलतात. रविवारी मात्र सगळं बंद, चिटपाखरू नसतं इकडे. आज झोप लागणार मस्त.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भाचीचं नवीन खूळ. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांचा म्हणे फोनवर एक गट आहे. ज्यांचं करून झालंय त्यांनी, जे अजून करतायत त्यांचं ऐकायचं. नुसतं ऐकायचं! मी म्हटलं, ऐकून काय त्यांची भांडी घासली जाणार आहेत? पण भाची म्हणाली, मावशी, तुझ्या पोटात अकरा वर्षांचं साठलंय, तुलाही बरं वाटेल. नोकरी तिने दिली, नाही कसं म्हणू.

गट चालवते ती ताई. मनाच्या आजारांचं शिकलेली आहे. आवाज लोण्यासारखा. तिने दोन दिवसांत फोनवर तीन वेळा शिकवणी घेतली. खरं नाव सांगायचं नाही, पत्ता द्यायचा नाही. अर्ध्या तासावर बोलायचं नाही. आपली गोष्ट दुसऱ्याला औषध म्हणून पाजायची नाही. आणि कुणी मारायच्या नाहीतर मरायच्या गोष्टी काढल्या, तर त्याच मिनिटाला ताईला कळवायचं, एकट्याने सांभाळायला जायचं नाही.

शिवाय वही. परवापासून लिहितेय तीच घेतली. बोलणं झालं की डाव्या पानावर त्याचं लिहायचं, उजव्या पानावर आपलं. त्याचं ओझं त्याच्या पानावर राहतं म्हणे, आपल्या अंगावर येत नाही. मी चौथी पास, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहितेय. उजव्या पानावर माझा दिवस, डावं सध्या कोरं.

टोपणनाव घ्यायचं होतं. मी घेतलं इस्त्री.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जोडीदार मिळाला. टोपणनाव मुंगी. बाप्या आहे, चाळिशीचा, लग्न नाही. घरात आई आणि तो. आईचं डावं अंग गेलंय, दीड वर्षं खाटेवर. तोंडाने फक्त ए, ए, ए करते. पहाटेपासून ए, ए, ए. बोलताना मागून मला ऐकू आलं. मला बोलवायला माझी सासू थाळी वाजवायची, त्याची आठवण झाली.

बोलतो फार हळू, अदबीने. मला अहोजाहो करतो. अर्धा तास झाला तर स्वतःच म्हणाला, वेळ झाली, ठेवतो. गुणी आहे. डावं पान भरलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुंगीला राग येतो. आईने अन्न थुंकलं की हात शिवशिवतात म्हणे. मी म्हटलं, शिवशिवणारच, माणूस आहेस का लाकूड? त्याला युक्ती सांगितली. राग आला की खोलीच्या बाहेर यायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्याने दहापर्यंत मोजायचं, मगच आत पाऊल टाकायचं. मी करायचे तसं. खूश झाला. एवढं साधं आपल्याला कुणी सांगितलंच नाही म्हणाला.

पाऊण तास झाला आज. नियम म्हणजे काय दगडावरची रेघ आहे? माणूस बुडतोय आणि आपण घड्याळ बघायचं, हे मला जमत नाही.

आज रोलरवर एकीचा हात गेला. इस्त्रीच्या दोन रोलरमध्ये मनगटापर्यंत. कातडी चादरीला चिकटून बाहेर आली. सगळ्या बाया किंचाळत बसल्या, बटण मी बंद केलं. चादर मीच धुतली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मुंगी रडला. पुरुषाचं रडणं मला बघवत नाही, ऐकवत तर त्याहून नाही. दहा मोजून काही होत नाही म्हणाला, वीस मोजले तरी हात थरथरतात. आपण राक्षस आहोत, असे विचार येणारा जगात आपण एकटेच.

मला चीड आली. एकटा म्हणे. सांगून टाकलं मग.

एका दुपारी सासूने औषध माझ्या तोंडावर थुंकलं आणि हसली. मी शेजारची उशी उचलली, तिच्या तोंडावर ठेवली आणि दहा मोजले. मग काढली. बस. दोन दिवस थाळी वाजली नाही. लहान पोरासारखी माझ्याकडे बघत राहिली. तर बाबा, येतं असं सगळ्यांच्याच मनात, दहावर थांबायचं म्हणजे झालं. एवढंच सांगायचं होतं मला, की तू राक्षस नाहीस.

सांगितलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. कुणाला बोलले नव्हते आजवर.

मुंगीने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, उशी एका हाताने धरली होती की दोन्ही.

मी म्हटलं, दोन्ही.

ठेवतो म्हणाला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

त्याने केलं.

परीक्षा पास झाल्यासारखा सांगत होता. दोन्ही हातांनी, दहा मोजले, काढली, आणि तुम्ही म्हणालात तशीच गप्प झाली. उपकार मानत होता माझे! मी ओरडले त्याच्यावर. भडव्या, मी तुला कर म्हटलं होतं का? तो शांतपणे म्हणाला, पण तुम्ही केलंच होतं ना, आणि तुम्हाला कुठे काय झालं.

फोन आपटला मी.

ताईला कळवायला हवं. दोनदा फोन हातात घेतला. पण ती पहिलं हेच विचारणार, हे तो शिकला कुठून. मग माझी सासू निघणार वर. नणंद टपलेलीच आहे. मयताच्या दिवशी चारचौघांत म्हणालीच होती, आईचे ओठ निळे कसे गं वहिनी. भाचीची मान खाली जाईल. नोकरी जाईल, खोली जाईल, ही किल्ली जाईल.

नाही कळवलं. एकदाच केलंय त्याने. घाबरून पुन्हा करायचा नाही.

३ मार्च, सोमवार

रोज करतो. आज बारा, काल पंधरा. मी फोन उचलला नाही तर वीस वेळा वाजवतो. ए, ए, ए आता मागून येत नाही, दुसरंच येतं, भांड्यात पाणी आटताना येतो तसा आवाज.

काल आई त्याला चावली. त्याने पितळी तांब्या घेतला आणि मारला तोंडावर. दोन दात पडले. एक सापडला, एक उशीच्या अभ्र्यात रुतून बसला होता. हे सगळं तो हळू आवाजात, अहोजाहो करत सांगतो. मग म्हणाला, तुम्ही लाँड्रीत आहात म्हणालात, म्हणून विचारतो, अभ्र्यावरचं रक्त कशाने निघेल.

आणि मी सांगितलं. थंड पाणी, मीठ, तासभर भिजवायचं, गरम पाणी अजिबात घालायचं नाही, गरम पाण्याने डाग शिजतो आणि कायमचा बसतो.

सांगून झाल्यावर कळलं आपण काय बोललो. दिवसातून दहा वेळा लाँड्रीत हेच चालतं, जिभेला वळण पडलंय. फोन खाटेवर फेकला.

६ मार्च, गुरुवार

मी स्पष्ट सांगितलं, आता ताईला कळवते, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तो विरघळलाच. चुकलो म्हणाला. आईला कालच बहिणीकडे पोचवलं, तिकडे माणसं आहेत, आता सगळं शांत आहे. खरंच मागून काहीच आवाज नव्हता.

विश्वास ठेवला. खरं तर ठेवायचाच होता मला. सुटले म्हटलं. डाव्या पानावर लिहिलं, आई बहिणीकडे. खाली रेघ मारली.

१० मार्च, सोमवार

आगीतून निघून फुफाट्यात. शनिवारी लाँड्रीत साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला. डावा पाय मोडला. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर. सहा आठवडे. ज्या खाटेवर लोळायची हौस होती तिने बांधूनच घातलं. लघवीलासुद्धा भाची लागते. तिची नोकरी सांभाळून ती येते, तोवर धरून बसते मी. अकरा वर्षं जे दुसरीचं केलं ते आता माझ्या वाट्याला.

इस्पितळातले वॉकर सगळे गेलेले. मुंगीचा फोन आला, आवाजावरूनच ओळखलं त्याने. आईचा वॉकर घरात नुसता पडून आहे, बहिणीकडे दुसरा आहे, पाठवून देतो म्हणाला. पार्सलने येईल.

पाय ठणकत होता. पत्ता दिला.

१२ मार्च, बुधवार

वॉकर आला. मुंगी घेऊन आला.

मी समजत होते किडकिडीत असेल. दार भरून गेलं. हात असे की माझं डोकं एका पंजात मावेल. खाली वाकून माझ्या चांगल्या पायाला हात लावला आणि आई म्हणाला. मी म्हटलं, तुझी आई बहिणीकडे आहे. तो म्हणाला, गेली. झोपेतच. आणि बहीण नाहीच मला, ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं होतं.

पिशवीतून उशी काढली. आईची. माझ्या डोक्याखाली सरकवली. अभ्र्यावर थाळीएवढा तपकिरी डाग. गरम पाण्यात धुतलाय. सांगून ऐकलं नाही.

वॉकरच्या दोन्ही मुठींना फडक्याच्या गाठी आहेत. कापून काढल्यात, गाठी तेवढ्या राहिल्यात. मनगटं बांधायची असली की मारतात तशा.

भाची आली तर हा ओटा पुसत होता. गटातला आहे, मावशींनी मला वाचवलं, आता माझी पाळी, असं काय काय बोलला. भाची विरघळली. तिला आठ दिवस बाहेरगावी शिकायला जायचंय, माझ्यापायी अडली होती. मी म्हटलं, जाऊ नकोस, हा माणूस चांगला नाही. ती म्हणाली, का? काय केलं याने?

काय सांगू? सांगायला गेले तर सुरुवात माझ्या उशीपासून.

तुला ना मावशी, कुणी चांगलं वागलेलं सोसतच नाही, असं म्हणून गेली. किल्ली त्याच्या हातात दिली जाताना.

१३ मार्च, गुरुवार

भरवतो. चमचा दातावर आपटेपर्यंत आत घालतो. मी थुंकले. तो उठला, उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. एक, दोन, तीन. अगदी मी शिकवलं तसं, मोठ्याने. दहा म्हटलं आणि आत येऊन कानाखाली मारली. दाढ हलली. मग तोंड पुसलं माझं.

दुपारी फोन उचलला, ताईचा नंबर लावला. घंटी वाजली. त्याने फोन सोडवायला माझं बोट मागे वाकवलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग मोडक्या बोटाला फडकं बांधलं, त्यावर फुंकर घातली. फोन पाण्याच्या पिंपात.

उजवा हात शाबूत आहे. तो आंघोळीला गेला की लिहिते. वही गादीखाली असते.

१४ मार्च, शुक्रवार

ओरडले. यंत्रं चालू होती. घसा बसेपर्यंत ओरडले. भिंतीपलीकडे चाळीस बाया आहेत —

वॉकर खोलीच्या पार कोपऱ्यात ठेवतो. खाटेवरून उतरले तर प्लास्टर जमिनीवर आदळून डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने उचलून पुन्हा ठेवलं, एकाच हाताने, चादरीच्या बोचक्यासारखं. मग प्लास्टरवर गुडघा दिला. आत हाड सरकलं, मला कळलं.

मुकादम येऊन गेला म्हणे. मला दुधातून काही दिलं होतं, मी झोपले होते. दारातूनच म्हणाला, बाईंना सांग काळजी करू नका, आराम करा.

आता उंबऱ्याबाहेर पाचपर्यंतच मोजतो.

१५ मार्च, शनिवार

सकाळी. उशी. दोन्ही हातांनी.

आत काळोख नसतो. लाल असतं. तोंडात कापूस, डागाचा वास. वरून त्याचं मोजणं ऐकू येत होतं, यंत्राच्या आवाजातही, इतकं जवळ. मी हात मारले. नखं मोडली. दहा म्हणाला आणि काढली.

विचारलं, आता गप्प बसणार ना आई.

मान हलवली मी. लहान पोरासारखी.

डावी पानं, उजवी पानं, आता काय. जिथे जागा आहे तिथे लिहिते. हे माझं आहे, त्याचं नाही —

सासूला उशी एकदाच नाही घातली. त्या दुपारी दहावर थांबले, ते खरं. पण शेवटच्या दिवशीही मोजले. दहा झाले. हात उठले नाहीत. पुढे मोजलंच नाही मी. बाहेर नळाला पाणी आलं होतं, हंडा भरून वाहायला लागला, त्या आवाजाने भानावर आले. नणंदेला ओठ निळे दिसले. निळेच होते.

मुंगीला मी दहावर थांबता येतं असं सांगितलं. मला येत नव्हतं. खोटं शिकवलं त्याला.

ताई, तुम्ही म्हणाला होतात, त्याच मिनिटाला कळवा. एका म्हातारीचा जीव वाचला असता. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी.

१६ मार्च, रविवार

यंत्रं बंद. चिटपाखरू नाही. भाची गुरुवारी येणार.

सकाळी उशी ठेवून सोळा मोजले. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. जेवणानंतर पुन्हा, म्हणाला. लवकर संपवतो, तुम्हाला त्रास नको.

मी डोकं चालवलं. म्हटलं, बाळा, शर्ट किती चुरगळलाय तुझा, आईच्या जिवाला बघवत नाही, काढ, इस्त्री करून देते. त्याला रडूच फुटलं. माझी आई करून द्यायची, म्हणाला. पेटीतून माझी इस्त्री काढली, खाटेजवळच्या बटणाला लावून दिली. जुनी, लोखंडी, जड. शर्ट माझ्या मांडीवर ठेवला आणि उघडाच भांडी घासायला बसला.

इस्त्री चादरीखाली. लाल दिवा चालू आहे. तापली की विझतो. प्लास्टरवर चादर करपल्याचा वास —

भांडी थांबली.

बाहेर गेला. उंबऱ्याबाहेर उभा आहे. पाठीची सावली दिसते.

एक म्हणाला.

तोंडावरच मारायची. धरून ठेवायची. रोलरवरची कातडी निघाली होती तशी —

चार.

दिवा विझत नाही. विझ ना गं बाई.

हात थरथरत नाही माझा. तेव्हाही थरथरला नव्हता.

सहा.

भाचे, वही सापडली तर ताईला दे. सगळी पानं. डावीपण, उज —

सात. आज पाचावर आत आला नाही. सावकाश मोजतोय.

विझला. दिवा विझला.

नऊ

मीपण मोजतेय त्याच्याबरोबर, इस्त्री धरली की दहावर मी थांबणार ना —